घोडीच्या पाठीवरचं रुपेरी पदक

बालमित्रांनो, एक कोडं घालते. ऑलिंपिकमधला असा कोणता खेळ आहे, ज्यात मुलगे आणि मुली एकाच स्पर्धेत, एकमेकांविरुद्ध उतरतात?

सुचलं नाही? घोडेस्वारी! इथे बाई, पुरुष असा भेद नाही. वर पदक मिळवायला एक जोडीदारही लागतो, चार पायांचा.

यातला एक प्रकार आहे ड्रेसेज. यात अडथळ्यांवरून उड्या नसतात, की चौखूर दौड नसते. आखलेल्या रिंगणात घोडा ठरलेल्या चाली करून दाखवतो. कधी दुडकी, कधी तिरकं चालणं, तर कधी जागच्या जागी ताल धरणं. प्रत्येक चालीला परीक्षक शून्य ते दहा गुण देतात. स्वार मात्र असा बसलेला हवा, की जणू तो काही करतच नाही!

पण भेद नाही हे आजचं हं. 1948 पर्यंत ऑलिंपिकच्या या खेळात बायकांना मज्जाव होता. सैन्यातल्या साध्या जवानांनाही बंदी, अधिकारीच हवा! 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसेजचं सुवर्णपदक जिंकलं. नंतर कळलं, की त्यातला गेनाल पेर्सन हा खरं तर सार्जंट. स्पर्धेपुरताच त्याला अधिकारी केलं होतं. झालं! संघाचं पदक काढून घेतलं. घोडा तोच, स्वार तोच, कमी होती ती फक्त खांद्यावरच्या पट्ट्यांची.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून ड्रेसेजचा हा नियम बदलला. पेर्सन पुन्हा आला आणि स्वीडनच्या संघाने पुन्हा सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत डेन्मार्कची लिस हार्टेल आली होती. तिची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

लिस डेन्मार्कमधली नावाजलेली घोडेस्वार. 1944 साली, तेविसाव्या वर्षी, तिला पोलिओ झाला. तेव्हा ती बाळंत व्हायची होती. बाळ सुखरूप जन्मलं, पण लिसचं अंग लुळं पडलं. कुबड्या घेऊन चालता आलं तरी पुष्कळ, असं तिला सांगण्यात आलं. तुम्ही लहानपणी जे दोन थेंब घेतलेत ना, ते तेव्हा नव्हतेच. त्या थेंबांमुळे 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

लिस आधी हात उचलायला शिकली, मग रांगायला, मग चालायला. गुडघ्याखालचे पाय मात्र कायमचे निकामी झाले. तरीही तीन वर्षांत ती स्पर्धेत उतरली. हेलसिंकीत तिला उचलून घोडीवर बसवावं लागलं. घोडीचं नाव जुबिली. लिसला 541.5 गुण मिळाले आणि तिसऱ्या आलेल्या फ्रेंच स्वाराला 541. अर्ध्या गुणाने रौप्यपदक! सुवर्णविजेत्या हेन्री सेंट सिरने तिला हात देऊन विजयमंचावर नेलं. 1956 साली तिने पुन्हा रौप्य मिळवलं.

मी ही गोष्ट आमच्या चौथीच्या वर्गात सांगितली, तेव्हा पहिला प्रश्न आला, "बाई, टाच मारता येत नाही, तर घोडीला कळणार कसं?" सांगते. पाठीचा कणा, मांड्या आणि शरीराचा भार किंचित इकडेतिकडे करून लिस इशारा द्यायची. जुबिली ती भाषा शिकली होती.

दुसरा प्रश्न आला कोपऱ्यातून. विचारणाऱ्याचा एक पाय जन्मापासून अधू आहे. "बाई, तिला कुणी दप्तरं सांभाळायला नाही बसवलं?"

वर्ग गप्प झाला. कारण लगोरी सुरू झाली, की दप्तरांपाशी हाच बसायचा. कुणी वाईट हेतूने बसवत नव्हतं. "त्याला त्रास नको" एवढंच.

मग वाद रंगला. एक म्हणाला, "त्याच्याऐवजी दुसरा पळाला, तर ती चीटिंग नाही का?" लगेच एक मुलगी उसळली, "लिसचं पण चालायचं काम घोडीनेच केलं ना!" शेवटी ठरलं, की नेम तो धरणार आणि पळणार त्याचा जोडीदार. नेम धरायची रेघ मात्र सगळ्यांना एकच.

मला ही रेघेची गोष्ट फार आवडली. लिसला घोडीवर चढवायला माणसं धावली, पण रिंगणात तिला कुणी अर्धा गुणही फुकट दिला नाही. मदत करायची ती रिंगणापर्यंत. पुढचं ज्याचं त्याने करायचं. पालकहो, काळजीपोटी आपण मुलाला रिंगणाबाहेरच ठेवत नाही ना, एवढं मात्र बघायला हवं.

आपल्याकडचंही सांगते. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण 1982 नंतर प्रथमच! संघात कोण होतं? सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. दोन मुली, दोन मुलगे.

आता तुम्ही एक करा. आज मैदानावर गेलात, की आधी दप्तरांकडे बघा. तिथे कोण बसलंय? त्याला विचारा, "खेळतोस का?" आणि हो, रेघ मात्र एकच ठेवा बरं का!