काजूचें गोत

माणसाची पारख त्याच्या सोयऱ्यांवरून करावी, असें जुनीं माणसें म्हणत. हाच न्याय झाडांना लावला तर काजूची मोठी पंचाईत होईल. लग्नाच्या पंगतींत, दिवाळीच्या ताटांत, शिऱ्यावर आणि पुलावांत मिरवणारा हा गोरापान, गुळगुळीत दाणा ज्या घराण्यांतून आला, त्या घराण्याची ख्याति फारशी सौम्य नाहीं.

काजू मूळचा ब्राझीलचा. तेथील तुपी लोकांच्या ‘अकाजू’ या शब्दाचा पोर्तुगीजांनीं ‘काजू’ केला आणि झाडाबरोबर शब्दहि आमच्या किनाऱ्यावर उतरविला. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरील ग्रंथ गोव्यांत १५६३ सालीं छापला गेला. त्यांत बिब्ब्यावर एक सबंध संवाद आहे; काजूवर नाहीं. क्रिस्तोव्हाव द कोश्ता याच्या १५७८ सालच्या ग्रंथांत मात्र कोचीनच्या बागांतील काजूचें वर्णन आढळतें. इतक्या अलीकडचा हा पाहुणा. पण आज कोंकणांतल्या एखाद्या म्हाताऱ्याला हें झाड परदेशी आहे असें सांगून पाहावें, तो आपल्यालाच परदेशी समजेल.

येथें काजूला आपला एक भाऊबंद आधींच नांदत असलेला भेटला. तो म्हणजे बिब्बा. संस्कृतांत तो भल्लातक. ‘अरुष्कर’ हेंहि त्याचें एक नांव आहे, आणि त्याचा अर्थ जखम करणारा. चरकानें रसायनांत त्याला मानाचें पान दिलें. परटांनीं त्याच्या रसानें कपड्यांवर न पुसणाऱ्या काळ्या खुणा केल्या. दृष्ट लागूं नये म्हणून बायकांनीं तो लिंबू-मिरचीबरोबर दारावर टांगला. आणि जुळत आलेल्या कामाचा विचका करणाऱ्यासाठीं मराठीनें ‘बिब्बा घालणें’ हा वाक्प्रचार कायमचा पदरीं ठेवून घेतला. युरोपांतील औषधविक्ये फार पूर्वींपासून या बिब्ब्याला त्याच्या हृदयासारख्या आकारावरून ‘ॲनाकार्डियम’ म्हणत. १७५३ सालीं लिनियसनें तें नांव उचललें आणि काजूच्या अंगावर चढविलें. पुढें लिनियसच्या मुलानें बिब्ब्याला ‘सेमेकार्पस’, म्हणजे खुणेचें फळ, असें नवें नांव दिलें आणि जुनें नांव मागें शेपटासारखें जोडलें. दत्तक आलेल्यानें घराण्याचें नांव घ्यावें आणि मूळच्या वारसानें परटाच्या कामावरून ओळखलें जावें, असाच हा प्रकार! सारें कुळहि शास्त्रांत ‘ॲनाकार्डिएसी’ याच नांवानें चालतें. मराठी ग्रंथांनीं त्याला ‘आम्रकुल’ म्हटलें आहे, तें मला अधिक रुचतें. घरांत आंब्यासारखें वडीलधारें माणूस असतांना दुसऱ्याच्या नांवाची पाटी कां लावावी?

होय, आंबाहि यांतलाच. आंबाडा, चारोळी, पिस्ता हींहि याच गोतांतलीं. जपानांत ज्या झाडाच्या चिकापासून तें अपूर्व रोगण तयार होतें तें झाड, आणि अमेरिकेंत जिला हात लागतांच अंगावर फोड उठतात ती ‘पॉयझन आयव्ही’ नांवाची वेलहि. यांतील पुष्कळांच्या अंगांत जवळपास एकाच जातीचा दाहक रस खेळतो. पाडाचा आंबा न पुसतां तोंडाला लावणाऱ्या मुलाला त्याची ओळख लहानपणींच होते.

काजूनें हा रस मोठ्या युक्तीनें लपविला आहे. झाडावर तांबडें-पिवळें दिसणारें बोंड हें खरें फळ नव्हेच. तो नुसता फुगलेला देंठ. (त्या देंठापासून गोव्यांत हुर्राक आणि फेणी होते, आणि फेणीला २००९ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. त्याविषयीं लिहिण्यास माझ्याहून अधिकारी माणसें पुष्कळ आहेत.) खरें फळ म्हणजे देंठाच्या टोकाला बाहेर लोंबणारी ती करडी बी. तिच्या कवचाला दोन थर, आणि त्या थरांमधल्या पोळ्यासारख्या कप्प्यांत तें तेल भरलेलें. तेल गुणी आहे. कोळी तें होडीच्या लांकडाला लावतात. रंगांत, रोगणांत, मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरांत तें लागतें. कातडीला लागलें तर मात्र कातडी काळी पडते, फोड येतात आणि सोलून निघते.

आणि दाणा तर त्या तेलाच्या आंत बसलेला! चार किलो बी फोडावी तेव्हां सुमारें एक किलो गर हातीं येतो. दुकानांतल्या पुड्यावर ‘डब्ल्यू ३२०’ असें छापलेलें असतें, त्याचा अर्थ एका पौंडांत सुमारें ३२० दाणे. हे ३२० दाणे कुणीतरी एकेक करून कवचांतून अखंड काढलेले असतात, कारण तुकडा झाला कीं भाव उतरतो. हें काम बहुतेक बायकांचें. हल्लीं बी आधीं वाफेवर उकडतात आणि यंत्राच्या पात्यांत धरून फोडतात, म्हणून भाजणें पुष्कळ कमी झालें आहे. पण संपलेलें नाहीं.

सिंधुदुर्गांतल्या एका ओळखीच्या घरीं मीं अशा एका बाईंना पाहिलें. वय साठीच्या आसपास. हातांना खोबरेल चोपडून त्या पडवींत बी फोडीत होत्या. रेशनच्या दुकानांतल्या यंत्रावर त्यांचा अंगठा उमटत नव्हता. दोनदां रिकाम्या हातीं परत आल्या होत्या. मीं चौकशी केली, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, “काकानू, बोटार रेषाच रवल्यो नाय, तर मशीन वळाखतला कसा?” त्यांच्या स्वरांत तक्रार नव्हती. मलाच पुढें कांहीं विचारवेना. परटाच्या कपड्यावर जन्मभर टिकणारी खूण करणारें हें कुळ माणसाच्या बोटावरची जन्माची खूण अशी पुसून टाकतें.

विदर्भांत बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांच्या हातांचीहि हीच कथा. ती गोडंबी आपण बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत घालतों, आणि शेजारीं काजूहि घालतों.

चैत्रांत आमच्या बाजारांत ओले काजूगर येतात. त्यांना वाफ नाहीं, यंत्र नाहीं. हिरवी बी सुरीनें चिरून हातानेंच गर काढावा लागतो. विकणारीच्या बोटांची टोकें काळीं असतात. शेकड्याचा भाव ऐकून पिशवी आंखडती घेणारीं माणसें भोंवतीं पुष्कळ दिसतात. मी अलीकडे तेथें घासाघीस करीत नाहीं. यावर आमच्या घरांत एकमत नाहीं, आणि उसळ वाढतांना मला तें दरवर्षीं ऐकविलें जातें.