पेत्राची बायको

बिदर तालुक्यातल्या कोळारचं तिचं घर मराठी, चर्चमधली उपासना कन्नड. पडद्यावरचा येशू मात्र तिला पहिल्यांदा भेटला तो हिंदी बोलताना. १९७८ सालच्या ‘करुणामयुडु’ या तेलुगू चित्रपटाचा ‘दयासागर’ हा हिंदी अवतार गावोगाव पडदा बांधून दाखवला जायचा. विजयचंदर यांचा चेहरा हाच तिला कितीतरी वर्षं ख्रिस्ताचा चेहरा वाटायचा.

मग दूरदर्शनवर ‘बाइबल की कहानियाँ’ लागली. ‘माय डियर कुट्टिचात्तन’ हा भारतातला पहिला त्रिमिती चित्रपट केलेल्या केरळच्या नवोदय संस्थेची, जिजो यांची ही मालिका. शेजारच्या बायकाही बघायला यायच्या. रामायण-महाभारत पाहून सरावलेल्या त्यांच्या नजरेला अब्राहाम ऋषीच वाटला. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट बघताना मनात कृष्ण आणि राम पाहिले होते. इथंही तसंच झालं.

अब्राहाम इसहाकाला बळी द्यायला निघतो तेव्हा सारा कुठं असते, असं तिनं आजीला विचारलं होतं. आजीपाशी उत्तर नव्हतं. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात त्या आईचं नावही येत नाही.

आता ती कलबुर्गीत शिकवते आणि मोबाइलवर हिंदीतून ‘द चोझन’ बघते. लोकवर्गणीतून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आणि २०१९ मध्ये डॅलस जेन्किन्स यांची येशूच्या जीवनावरची ही मालिका सुरू झाली. मार्कच्या शुभवर्तमानात पेत्राच्या सासूचा ताप उतरतो, बायको कुठंच दिसत नाही. मालिकेनं तिला एडन हे नाव दिलं. तिसऱ्या पर्वात तिचा गर्भ जातो. पेत्र येशूवर चिडतो, आणि तो राग मनात घेऊनच पाण्यावर पाऊल टाकतो. शुभवर्तमानात हा प्रसंग वाचून तिला कधी रडू आलं नव्हतं, पडद्यावर बघताना आलं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना ही भर रुचत नाही. ती ‘ख्रिस्तपुराणा’चा दाखला देते: फादर स्टीफन्स यांनी सासष्टीच्या नवख्रिस्ती लोकांसाठी सारी कथा मराठी ओव्यांत, पुराणाच्या वळणानं नव्यानं रचली आणि १६१६ मध्ये ती छापली गेली. मालिकेतली सगळीच भर तिलाही पटते असं नाही. क्विंटस या रोमी अधिकाऱ्याचा थिल्लरपणा तिला खटकतो; ज्यांच्या सत्तेत माणसं क्रुसावर टांगली जात, त्यांना इतकं हलकं करू नये, असं तिचं ठाम मत आहे.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात केफा, म्हणजे पेत्र, बायकोला सोबत घेऊन हिंडतो, असा पौलाचा ओझरता उल्लेख आहे. तो प्रवास कुणीतरी पडद्यावर आणावा, अशी तिची इच्छा आहे. आणि त्या दोघांनी वाटेत मराठीत बोलावं.