जोडी फोडायची नाही

"केशरी एकटंच मिळेल का?"

दोन पिल्लांचे फोटो मी फेब्रुवारीत इन्स्टावर आणि पुण्यातल्या चार-पाच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि दोन दिवसांत हा प्रश्न मला अकरा जणांनी विचारला. पोस्टमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की ही 'बॉन्डेड पेअर' आहे, दोघांना एकत्रच द्यायचंय. पण पोस्ट कोण वाचतं? फोटो बघतात. आणि फोटोत केशरी पिल्लू म्हणजे कॅलेंडरवरचं मांजर, तर काळं म्हणजे गादीवर पडलेला मोजा आणि त्याला दोन डोळे.

ही दोघं संक्रांतीच्या आसपास वाकडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या बॉनेटखाली सापडली. थंडीत इंजिनच्या उबेला मांजरं आत शिरतात. वॉचमनकाकांनी आवाज ऐकला आणि मालकाला गाडी सुरू करू दिली नाही. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात, तेव्हा आई न्यायला येईल म्हणून आम्ही एक दिवस आणि एक रात्र वाट पाहिली. ती आली नाही. पिल्लं जेमतेम पाच आठवड्यांची होती. केशरी बोका तो गूळ आणि काळी भाटी ती तीळ. दुसरी नावं सुचणं शक्यच नव्हतं. ज्या सणाला आपण हौसेनं काळे कपडे घालतो, त्याच सणाला मिळालेली काळी पोर लोकांना अपशकुनी वाटावी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. "आमच्याकडे मुलीचं बघायचं चाललंय, काळी नको," असा मेसेज एका आयटीतल्याच माणसाचा होता.

मीच का ठेवली नाहीत? एप्रिलच्या शेवटी मला कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं जर्मनीला जायचं होतं. फ्लॅटमध्ये मागे राहणाऱ्या रूममेटला दमा आहे. त्यानं तीन महिने इन्हेलर खिशात ठेवून काढले, त्याहून जास्त मी मागू शकत नव्हतो. बरोबर न्यायचा हिशेबही करून पाहिला. भारतातून युरोपियन युनियनमध्ये मांजर न्यायचं तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, तीही पिल्लू १२ आठवड्यांचं झाल्याशिवाय नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. एक्सेलमध्ये तारखा मांडल्या तर उत्तर जुलै आलं. माझं विमान एप्रिलचं.

आता 'जोडी' म्हणजे काय, तर एका वेताची सगळीच भावंडं जोडी नसतात. काही पिल्लं वर्षभरात एकमेकांना ओळख देत नाहीत. मलाही आधी वाटायचं की आपण उगाच भावुक होतोय. मग फेब्रुवारीच्या शेवटी गुळाला जुलाब लागले आणि डॉक्टरांनी सलाइनसाठी एक रात्र ठेवून घेतलं. त्या रात्री तीळ जेवली नाही. तिच्या आवडीची उकडलेली कोंबडी तशीच राहिली. रिकाम्या टोपलीत जायची, वास घ्यायची, बाहेर यायची, दारापर्यंत जाऊन ओरडायची आणि परत टोपलीत. पहाटे चारपर्यंत हेच. दुसऱ्या दिवशी गूळ घरी आला, तेव्हा त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास येत होता म्हणून आधी ती त्याच्यावर फिस्कारली. मग तासभर त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटून काढलं. चाटून झाल्यावर वाटी साफ केली, त्याची आणि स्वतःचीही.

त्यानंतर माझ्या डोक्यात प्रश्न उरला नाही, पण लोकांना समजावणं उरलं. टीममधल्यांना मी सांगायचो, डेटाबेसमधलं ॲटॉमिक ट्रॅन्झॅक्शन समजा, झालं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. ते हसायचे. बाकीच्यांना काहीच कळायचं नाही. एकानं "आधी केशरी नेतो, जमलं तर काळीचं बघू" असं सुचवलं. म्हणजे फेज वन, फेज टू. फेज टू कधी येत नाही, हे मला आमच्याच प्रोजेक्टवरून माहीत होतं.

हे एका फटक्यात कळलं ते आजोबांना. ते माण तालुक्यात असतात, वय अठ्ठ्याहत्तर, आणि मांजराबद्दल त्यांना दूध सांडण्यापलीकडे काही मत नाही. फोनवर मी रडगाणं गात होतो, तर त्यांनी मधेच तोडलं. "जोडी हाय न्हवं? मग फोडायची कशाला?" आणि मग मी कधीच न ऐकलेली गोष्ट सांगितली. १९७२च्या दुष्काळात चारा संपला तेव्हा घरच्या खिलार जोडीतल्या एकालाच गिऱ्हाईक मिळालं आणि पणजोबांनी तो विकला. मागे राहिलेला पाखऱ्या. तो कायम जुवाच्या उजव्या अंगाला चालायचा. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी दुसरा बैल आणला, तर हा सारखा मान वळवून डावीकडे बघायचा आणि थांबायचा. औत सरळ जाईना. शेवटी खरसुंडीच्या बाजारात तोही गेला. आजोबा तेव्हा पंचविशीत होते. "एकालाच गिऱ्हाईक आलं म्हंजी गिऱ्हाईक आलंच न्हाई म्हणायचं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पोस्टमधलं 'बॉन्डेड पेअर' काढून मी 'जोडी आहे, फोडायची नाही' असं लिहिलं. मेसेज कमी झाले, पण 'केशरी एकटंच' विचारणारेही कमी झाले.

मार्चच्या मध्यावर खरा पेच आला. कोथरूडचं एक कुटुंब, माणसं अतिशय चांगली, घरात आधीचं म्हातारं मांजर पंधरा वर्षं सांभाळलेलं. त्यांनाही एकच हवं होतं, केशरी. घर लहान होतं, दोन झेपणार नाहीत असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पिल्लं सोडवणाऱ्या एका मैत्रिणीनं मला झापलं. "तू दोघांना एकत्र ठेवण्याच्या नादात एकाचं पक्कं घर घालवतोयस. एप्रिलमध्ये काय करणार, दोघांना पार्किंगमध्ये सोडणार?" तिचं चूक नव्हतं. तिच्याकडे त्या महिन्यात एकोणीस पिल्लं होती. असा हिशेब तिला रोज करावा लागतो. दोन रात्री मी झोपलो नाही. मग कोथरूडला नाही कळवलं. तीळ एकटी उरली असती तर तिला कुणी विचारलंही नसतं, हे मला अकरा मेसेजनी आधीच सांगितलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चिंचवडहून फोन आला. एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, एकट्या राहतात. मी सवयीनं जोडीचं भाषण सुरू केलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, मला दोनच हवीत. माझी ड्यूटी बारा तासांची. एक आणून काय करू, दिवसभर दाराशी बसून रडेल ते." रंग विचारला नाही. शी घट्ट होते का, जंताचं औषध कधी दिलंय, वाळू कुठली वापरता, हे विचारलं. मी नसबंदीचा विषय काढायच्या आत त्यांनीच काढला, कारण पाच महिन्यांत पिल्लं वयात येऊ शकतात आणि मांजरांना राखीपौर्णिमा कळत नाही.

मी आधी घर बघायला गेलो. दुसरा मजला. बाल्कनीला कबुतरांची नायलॉनची जाळी होती. ती मांजरं दातांनी कुरतडतात, हे मी सांगायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी आतून तारेची जाळी ठोकायला सुताराला आधीच बोलावलं होतं.

पुढच्या रविवारी दोघांना एकाच पिंजऱ्यात घालून नेलं. सोबत लसीचं कार्ड, वापरातली थोडी वाळू आणि त्यांची न धुतलेली गोधडी, म्हणजे नव्या घरात ओळखीचा वास राहील. पिंजरा उघडल्यावर दोघं तडक वॉशिंग मशीनच्या मागे गेली. मी खाली वाकून हाका मारत बसलो. बाईंनी चहा दिला आणि तो संपल्यावर म्हणाल्या, "आता तुम्ही निघा. तुम्ही बसलात तर ती बाहेर यायची नाहीत." परतीच्या रिक्षात रिकामा पिंजरा मांडीवर होता आणि त्याच्या जाळीला केशरी आणि काळे केस अडकलेले होते.

तीन दिवसांनी मेसेज आला. "काळी माझ्या उशीवर झोपते. केशरी अजून मशीनमागेच आहे. दर तासाला काळी आत जाऊन त्याला बघून येते. जेवण दोघांचं व्यवस्थित."