अहो, आमच्या सड्यावर हत्ती आहे!

अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या वाट्याला मे महिना येत नाही. तिथल्या कॅलेंडरात तो असतो, पण घामाचा, आंब्याफणसाचा, अंगणात वाळवणं पडलेला आपला मे नसतो. मिशिगनमधल्या शाळा सुटतात जूनच्या मध्याला आणि कोकणात पाऊस उतरतो साधारण सात जूनला. झालं! पोरं मोकळी होईपर्यंत इकडे आंबा संपलेला, चाकरमानी मुंबईला परतलेले, घरांना झड्या बांधून झालेल्या. म्हणून आम्ही सगळे येतो डिसेंबरात. दोन लग्नं, बँकेची कामं, पुण्यात एखादं नाटक, गावाला धावती चक्कर आणि जड बॅगा घेऊन परत. नोकरी होती तोवर असंच चाललं. आता निवृत्त झालो, रजेचा अर्ज कुणापुढे करायचा नाही. बायकोला म्हटलं, यंदा मे! ती म्हणाली, "उकाड्यानं जीव जाईल तुमचा."

जीव गेला नाही. उलट या वयात मला जे दिसलंय, ते भेटेल त्याला सांगत सुटलोय. पोस्टात सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आता तुम्हाला सांगतो.

पण आधी आंबा, कारण तो थांबणार नाही. मी अमेरिकेत गेलो तेव्हा तिथे भारतातला आंबा येतच नसे. 2007 साली दार उघडलं, तेही किरणोत्सार करून आलेल्या महागड्या पेट्यांपुरतं. त्याआधी आमरस म्हणजे डब्यातला गर, आणि त्यातही आम्ही धन्यता मानायचो. इथे पहाटे पडवीत पाय ठेवला की अढीतल्या आंब्यांचा वास अंगावरच येतो. हापूसचं कौतुक सगळं जग करतंय, त्याला 2018 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मी मात्र रायवळाचा माणूस. परसातल्या त्या बिनबारशाच्या झाडाचा आंबा देठाशी चावायचा, पहिला चीक थुंकायचा आणि कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर चोखायचा. ओट्यावर वहिनी रातांबे फोडतेय, तिचे हात लालभडक झालेत. सुपात आमसुलं, ताटांत फणसाची साठं, कोपऱ्यात काजूच्या बियांचा ढीग. बरका की कापा यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात. बरं, पुरे. खरी गोष्ट पुढेच आहे.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, आडिवऱ्याच्या अलीकडे. वर सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, नजर पोचेल तिथवर सपाट, झाड नाही की झुडूप नाही. लहानपणी याच सड्यावरून आम्ही करवंदांसाठी भटकलो, शेजारच्या गावच्या उत्सवाला गेलो, अनवाणी पोळलो. एका रात्री पुतण्या जेवताना सहज म्हणाला, "काका, कातळशिल्पं बघितलीत का हो? कशेळीला चला, पण पहाटे. उन्हं वर आली की काही दिसत नाही."

पहाटे निघालो. कशेळीचं कनकादित्याचं देऊळ मला ठाऊक होतं, सूर्याचं देऊळ म्हणून आजी हात धरून न्यायची. पण आम्ही देवळाकडे न वळता सड्यावर गेलो. पुतण्या म्हणाला, चपला काढा. काढल्या. समोर मला कातळच दिसला, काळपट आणि खडबडीत, जसा सगळीकडे असतो तसा. मग पूर्वेकडून ऊन तिरपं आलं, रेषांच्या कडेला बारीक सावली धरली, आणि अहो, पायाखालच्या जमिनीतून हत्ती वर आला! आधी पाठीची लांबच लांब रेघ, मग सोंड, मग पाय. मी कुठे उभा होतो माहीत आहे? त्याच्या पोटात!

मी इंजिनिअर माणूस, खिशात टेप असतोच. मोजायला लागलो आणि टेप पुरेना. हा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे. आमच्या गावच्या घराची ओटी, माजघर, पडवी आणि खळं सगळं त्याच्या पोटात बसवून वर गोठ्याला जागा उरेल. आणि पोट रिकामं नाही! आत मासे आहेत, शेपटीचा काटा लांबवलेला पाकट आहे, कासव आहे, हरणं आहेत, पक्षी आहेत. एकात एक, एकाला लागून दुसरा, जणू कुणीतरी ठरवून समुद्र आणि रान दोन्ही हत्तीत भरलंय. मी गुडघ्यांवर बसून एका माशाच्या रेषेत बोट घातलं. वरची साल काळी पडलेली, खाचेत आत लालसर दगड, तळाशी मुंग्यांनी आणलेली माती आणि गवताचं एक वाळकं कुसळ. रेषेची कड हजारो पावसाळ्यांनी गोलसर करून टाकली आहे, तरी हाताला स्पष्ट लागते. कुणीतरी इथे असंच बसून ठोकत होतं.

आता यातली कमाल बघा. जांभा खणून काढला की मऊ असतो, कोयतीनं तासता येतो, म्हणून तर आमच्याकडे घरांचे चिरे त्याचे. पण उघड्यावर राहिला की तो कडक होत जातो, आणि सड्याचा माथा तर उन्हापावसानं पार कवच झालेला असतो. हे लोक नेमके त्या कवचावर कोरत बसले! काही अभ्यासक यातली सर्वांत जुनी चित्रं दहा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात. तेव्हा लोखंड कुठलं? दगडानं दगड फोडायचा. शिवाय सपाट पठार, वरून बघायला टेकडी नाही की माडी नाही. सोंडेपाशी बसलेल्याला शेपूट धड दिसतही नसणार. मग प्रमाण कसं सांभाळलं? दोरी धरली असेल? पावलं मोजली असतील? मी आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डावर आणि नंतर संगणकावर रेषा मारल्या. ती पाठीची एकटाकी रेघ बघून मी त्या अनामिक माणसाला तिथेच नमस्कार ठोकला. पुतण्या हसत होता, हसू दे.

याची आणखी गंमत म्हणजे हा सगळा मामला उन्हाळ्याचा आहे. पावसात सड्यावर पाणी साचतं, गवत फोफावतं, रेषा मातीनं भरतात. डिसेंबरात आम्ही यायचो तेव्हा तेच गवत वाळून पिवळं उभं असायचं, त्यात हत्ती काय, उंटसुद्धा दिसला नसता. मे महिन्यात सडा लख्ख उघडा पडतो. म्हणजे परदेशातल्या माणसाला ही चित्रं दिसू नयेत अशीच जणू निसर्गानं सोय केली होती!

रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई या तिघांनी गेल्या काही वर्षांत अक्षरशः सडे पालथे घातले. गावोगावच्या म्हाताऱ्यांना, गुराख्यांना विचारत फिरले आणि एकेक चित्र उजेडात आणलं. आता कोकणात अशी हजाराहून जास्त चित्रं सापडली आहेत. हजार! 2022 साली त्यांतली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यात, एक सिंधुदुर्गात, एक गोव्यात. त्या दिवशी कशेळीहून परतताना वाटेत गावातले एक आजोबा भेटले. त्यांना मी हातवारे करकरून हत्ती सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "गुरां राखायला यायचो तवा त्याच्यावरच बसून भाकरी खायचो आम्ही."

ऐका! मी मुलांना घेऊन न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीजवळच्या पेट्रोग्लिफ नॅशनल मॉन्युमेंटला गेलो होतो. काळ्या बसाल्टच्या धोंड्यांवर तिथल्या मूळ रहिवाशांनी कोरलेली चित्रं, पाट्या, नकाशे, गणवेशातले रेंजर, सगळं शिस्तीत. फार आवडलं होतं. मुलांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, बघा रे, किती जुनं आहे! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सात समुद्रांचा.

त्या दिवसापासून मी सुटलोच आहे. उक्षीला गेलो. तिथेही एक हत्ती आहे, गावकऱ्यांनी त्याच्याभोवती जांभ्याची भिंत घालून वरून बघायची सोय केली आहे. सरकारची वाट न बघता गावानं हे केलं याचं मला फार कौतुक वाटलं. बारसूला गेलो. तिथे मधोमध माणूस आणि दोन्ही बाजूंनी त्याच्यावर झेपावणारे दोन वाघ. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही असाच माणूस वाघांना दोन्ही हातांनी थोपवून धरतो. कुठे सिंधू, कुठे राजापूरचा सडा! काही ठिकाणी तर गेंडा कोरलाय. कोकणात गेंडा! ज्यानं कोरला त्यानं तो बघितलेला असणार, नाहीतर कातडीच्या घड्या आणि शिंग इतकं नेमकं कसं येईल? मग तेव्हा इथलं रान कसं होतं, पाऊस किती होता, समुद्र कुठवर होता? रात्री झोप लागत नाही हो.

आणि देवाचे गोठणे! तिथे सड्यावर एक माणूस आडवा कोरलेला आहे, आणि त्या जागी होकायंत्राची सुई भरकटते. माझा काही विश्वास बसेना. मी जुनं पितळी होकायंत्र घेऊन गेलो, फोनमधलंही उघडलं. चार पावलं इकडे उत्तर एकीकडे, चार पावलं तिकडे दुसरीकडेच! जांभ्यात लोह भरपूर असतं, त्यामुळे दगडात चुंबकत्व येऊ शकतं, इतपत मला समजतं. पण ज्यांच्याकडे होकायंत्र नव्हतं त्यांनी नेमकी हीच जागा का निवडली असेल? बायको म्हणाली, "योगायोग असेल." असेल. मी तरी तिथे अर्धा तास यंत्र हातात धरून पोरासारखा गोल गोल फिरलो.

एक कळकळीची विनंती करतो, रागावू नका. काही ठिकाणी रेषांत खडू भरलेला दिसला, फोटो चांगला यावा म्हणून. कृपा करा, असं करू नका. पहाटे किंवा संध्याकाळी जा, सूर्य फुकटात रेषा काढून देतो. चपला बाहेर ठेवा. आणि ज्यांचे सडे आहेत त्यांनी चिऱ्यांच्या खाणीसाठी जेसीबी लावण्याआधी एकदा खराटा मारून बघावा. खाली काय निघेल सांगता येत नाही. खाणीवर आणि कलमांच्या बागेवर घरं चालतात हे मला कळतं, मी चार महिन्यांचा पाहुणा, मला उपदेश करणं सोपं आहे. पण हत्ती एकदा फुटला की फुटला.

विमानाचं तिकीट पुढे ढकललंय. एजंटनं भरमसाट पैसे घेतले, घेऊ दे. जी बायको उकाड्याची भीती घालत होती, ती आता पाण्याच्या बाटल्या भरून माझ्याआधी गाडीत बसते आणि कुणीही न सांगता चपला काढते. परवा तिनं एकटीनं एका कोपऱ्यात मोराचा तुरा शोधून काढला आणि तेव्हापासून मला इंजिनिअर म्हणून फारशी किंमत देत नाही. पावसाआधी सिंधुदुर्गातलं कुडोपी गाठायचंय. गोव्यात कुशावतीच्या काठी पणसायमळला दगडावर गोल गोल चक्रव्यूह कोरलाय म्हणतात, तोही राहिलाय. रुंढे तळी राहिलंय, जांभरुण राहिलंय. आज संध्याकाळी देवीहसोळ, आर्यादुर्गेच्या देवळाजवळ. पाच वाजले, पुतण्या बाहेर हॉर्न वाजवतोय, आणि माझा टेप कुणी उचलला ते कळत नाहीये. वहिनी, फणसं मोजायला तुम्ही तर नाही ना नेलात?