चिपट्याचे वजन

माझ्या सासूबाईंच्या पाककृतींच्या वहीत वजनाचा उल्लेख जवळजवळ कोठेच नाही. सर्व हिशेब चिपट्या-मापट्यांचा आहे, आणि थालीपिठाच्या भाजणीचे प्रमाण तर ‘ज्वारी चार चिपटी, तांदूळ दोन, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, धणे एक’ अशा एका ओळीत त्यांनी आटोपले आहे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली ही कोष्टके ज्या पिढीला मुखोद्गत होती, तिला अधिक विस्ताराची गरज नव्हती. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने प्रचारात येऊ लागली आणि ऐंशी तोळ्यांच्या पक्क्या शेराची जागा किलोने घेतली. परंतु सोलापुरातील आमच्या कोठीघरात पितळी चिपट्याचा अंमल त्यानंतरही अबाधित राहिला.

माझ्या सुनेने पुण्याहून हेच प्रमाण ग्रॅममध्ये मागितले, तेव्हा मी मधल्या मारुतीच्या बाजारातून सर्व जिन्नस आणवले, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात होतीच, आणि प्रत्येक जिन्नस त्याच चिपट्याने मापून काट्यावर घातला. ज्वारी सुमारे एकशे नव्वद ग्रॅम भरली; तांदूळ व दोन्ही डाळी दोनशेच्या आसपास राहिल्या; धणे मात्र ऐंशीच्या पुढे गेले नाहीत. धण्याचा दाणा आत पोकळ आणि गोल, त्यामुळे मापाचा पुष्कळसा भाग हवाच व्यापून बसते. एक चिपटे म्हणजे दोनशे ग्रॅम असा सरसकट नियम कोणी लावला, तर भाजणीत धणे अडीचपट पडतील आणि तिची चवच पालटेल. म्हणून प्रत्येक जिन्नसाचे वजन स्वतंत्रपणे नोंदवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

दुसरा प्रश्न शिगेचा होता. शीग लावून भरलेले माप आणि हात फिरवून सपाट केलेले माप यांत पडणारे अंतर भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर व दाण्याच्या घसरण्यावर अवलंबून असते, आणि वही त्याविषयी मौन पाळते. सुदैवाने माझ्या थोरल्या जाऊबाईंनी सासूबाईंच्या हाताखाली वर्षानुवर्षे भाजणी केलेली; ‘‘त्या माप नेहमी तळव्याने सपाट करायच्या, आणि धान्य भाजण्याआधी मापायच्या,’’ असे त्यांनी निःशंकपणे सांगितले. हा दुसरा तपशीलही तितकाच मोलाचा ठरला, कारण भाजताना ओलावा जाऊन धान्याचे वजन घटते, तर दळलेले पीठ नुकतेच गिरणीतून आले असता फुललेले आणि डब्यात ठोकून भरले असता दबलेले असल्याने त्याचे माप कधीच स्थिर राहत नाही.

अशा रीतीने सिद्ध झालेले कोष्टक मी सुनेकडे पाठवले. तिने त्याबरहुकूम केलेल्या भाजणीचे थालीपीठ जाऊबाईंनी चाखले आणि धणे जेथल्या तेथे असल्याचा निर्वाळा दिला. घरोघरी अशा वह्या अजून आहेत. ज्यांच्यापाशी त्या असतील, त्यांनी मूळ भांडे आणि ते भरणारा हात आठवणारे माणूस, ही दोन्ही घरात आहेत तोवरच प्रत्येक जिन्नस तोलून घ्यावा आणि वजनाशेजारी ‘सपाट’ की ‘शिगेचे’, ‘कच्चे’ की ‘भाजलेले’ हेही लिहून ठेवावे; भांडे मोडीत गेल्यानंतर केवळ आकड्यांवरून ही चव पुन्हा जुळवता येणार नाही.