जूनमध्ये ये, अक्का

नेपरव्हिल, शिकागोजवळ
ऑगस्टअखेर

ती. अक्कास,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मुलं कामावर गेली की तिथे दिवसभर करायचं काय? म्हणून मी यायचं टाळते." त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

तुझी भीती खोटी नाही. उपनगरातलं घर, दाराशी रिक्षा नाही, गाडी आपल्याला चालवता येत नाही. आपल्या वयाची कितीतरी माणसं इथे सहा महिने येतात आणि शनिवार-रविवारची वाट बघत दिवस काढतात. पण नेपरव्हिलहून शिकागोला आगगाडी जाते. युनियन स्टेशनवर उतरायचं आणि पूर्वेला, मिशिगन सरोवराच्या दिशेनं, वीसेक मिनिटं चालायचं. तिथे मिलेनियम पार्क आहे. उन्हाळाभर तिथे गाणंबजावणं चालतं आणि त्याला तिकीट नाही.

फुकट म्हटल्यावर हौशी मंडळींचं काहीतरी असेल, असं तुला वाटेल. तसं नाही. ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हलचा स्वतःचा वाद्यवृंद आहे, स्वतःचा गायकवृंद आहे, आणि जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी त्यांच्या मैफली होतात. हे सुरू झालं 1935 साली, मंदीच्या काळात. त्याआधी काही वर्षं बोलपट आले आणि मूकपटांना साथ करणाऱ्या वादकांची थिएटरातली कामं गेली. आपल्याकडच्या पेटी-तबलेवाल्यांचंही तेच झालं होतं. इथे जेम्स पेट्रिलो हा वादकांच्या संघटनेचा प्रमुख पुढे झाला आणि त्यानं ग्रँट पार्कमध्ये उघड्यावर मैफली भरवल्या. वादकाला त्याचे पैसे मिळावेत आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्यालाही संगीत मिळावं, ही त्यामागची कल्पना. मला ती फार मोलाची वाटते. ऐकणाऱ्याला फुकट, पण वाजवणाऱ्याला फुकट राबवायचं नाही! आपल्याकडे 'विनामूल्य कार्यक्रम' म्हटलं की पहिली कात्री कलावंताच्या बिदागीला लागते, हे तू जन्मभर पाहिलं आहेस.

ग्रँट पार्कची ही जागा तरी मोकळी कशी राहिली, तेही ऐक. 1836 च्या नकाशावरच लिहून ठेवलं होतं की सरोवराकाठची ही जमीन सार्वजनिक आहे आणि तिच्यावर कधीही इमारत उभी राहू नये. पुढे शहर वाढलं तशी इमारती बांधायची टूम निघालीच. तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड नावाचा व्यापारी कोर्टात गेला आणि 1890 पासून 1911 पर्यंत भांडत राहिला. लोकांनी त्याला दूषणं दिली, तरी तो हटला नाही. आज संध्याकाळी जो वारा अंगावर येतो तो त्याच्या त्या हट्टामुळे, असं मी मानते.

मिलेनियम पार्क हा ग्रँट पार्कच्याच वायव्य कोपऱ्यातला नवा भाग, 2004 सालचा. रंगमंच फ्रँक गेरी या वास्तुविशारदाचा. पोलादाचे मोठमोठे पत्रे वळवून केलेला. समोर चार हजार खुर्च्या आणि त्यांच्यामागे सात हजार माणसं मावतील एवढी हिरवळ. हिरवळीवर पोलादी नळ्यांची जाळी मांडवासारखी घातली आहे आणि तिला ध्वनिक्षेपक टांगले आहेत, त्यामुळे अगदी मागे बसलेल्यालाही व्हायोलिन स्वच्छ ऐकू येतं. पुढच्या काही खुर्च्या वर्गणीदारांसाठी राखीव असतात. मला हिरवळच आवडते. सतरंजी पसरायची, डब्यातली थालीपिठं काढायची. शेजारी कुणी मेक्सिकन कुटुंब, कुणी एकटे आजोबा, कुणी ऑफिसातून परस्पर आलेली मुलगी. बहुतेक कार्यक्रम साडेसहाला, आणि जूनमध्ये इथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. त्यामुळे अख्खी मैफल उतरत्या उन्हात होते.

पण तुला मी आधी नेणार आहे ती तालमीला. दिवसा त्याच रंगमंचावर तालीम चालते आणि तिथेही कुणीही जाऊन बसावं. मुलं कामावर गेल्यावर काय करायचं, या तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. वादक रोजच्या कपड्यांत असतात. संचालक मध्येच हात वर करून थांबवतो, चेलोवाल्यांना दोन शब्द सांगतो, त्याच चार ओळी पुन्हा वाजवून घेतो. पहिल्यांदा नुसते सूर येतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांचं वाक्य होतं. मग बासऱ्या थांबवून फक्त मागचे ढोल ऐकवतो, आणि आपल्याला कळतं की हे ढोल इतका वेळ खाली काय करत होते. तानपुऱ्याच्या संगतीत वाढलेल्या आपल्या कानाला या संगीतात शिरायचा दरवाजा सापडत नाही, अशी माझी समजूत होती. तालमीत तो सापडतो. संध्याकाळी तीच रचना सलग ऐकताना डोळ्यांत पाणी येतं.

जूनच्या सुरुवातीला याच पार्कात ब्लूज फेस्टिव्हल असतो, 1984 पासून, तोही फुकट. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांतून काळी माणसं इलिनॉय सेंट्रल रेल्वेनं या शहरात आली आणि गाणं बरोबर घेऊन आली. ब्लूज गायक मडी वॉटर्स 1943 मध्ये आला. इथल्या गोंगाटाच्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्यानं विजेची हातात घेतली. आणि गंमत बघ, मिलेनियम पार्क उभा आहे तो त्याच रेल्वेच्या रुळांवर. आजही खालून गाड्या जातात आणि वर त्या लोकांची नातवंडं-पतवंडं गातात.

बाकीचं पटकन सांगते. जवळच अनिश कपूरचं ते चकचकीत पोलादी शिल्प आहे, तो आपल्या मुंबईत जन्मलेला. पलीकडे आर्ट इन्स्टिट्यूट. विवेकानंदांचं 1893 चं भाषण झालं ती हीच इमारत. लिंकन पार्कमधलं प्राणिसंग्रहालय 1868 पासूनचं, आजही विनातिकीट. नातवंडांना तिथे ने.

आणि सप्टेंबरमध्ये रागमाला. 1897 साली ग्रंथालय म्हणून बांधलेल्या कल्चरल सेंटरमध्ये, टिफनीच्या रंगीत काचांच्या घुमटाखाली, संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत आपलं शास्त्रीय संगीत. 2013 पासून हे सुरू आहे. सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालायचा. ध्वनिक्षेपकाच्या वेळेचे नियम आले आणि त्या रात्री गेल्या. पहाटेचा राग पहाटे ऐकायला मी शिकागोत जमिनीवर बसते, याचा मला आनंदही आहे आणि थोडी चुटपुटही.

तेव्हा ऑक्टोबरात येऊ नकोस, थंडीच वाट्याला येईल. मेअखेरीचं विमान घे आणि सप्टेंबर संपेपर्यंत राहा. एक जाड शाल बरोबर आण, संध्याकाळी सरोवरावरून गार वारा सुटतो. बाकी सतरंजी माझ्याकडे आहे. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात कर.

तुझी,
धाकटी