निगेटिव्ह रिपोर्ट

पेणहून रोह्याला जायचे तर आम्ही एरवी विचारही करत नसू. दिवा-रोहा गाडी, नाहीतर नागोठण्यावरून एसटी. मार्च २०२० मध्ये दोन्ही थांबल्या आणि रोह्याची आपा फोनवरच भेटू लागली.

त्या वर्षी रमजान घरातच गेला, ईदही. मग पावसाळा आला, पण आमच्याकडे एकाही मुलाचे नाक वाहिले नाही. अम्मी म्हणत, ''मोठ्या आजाराने लहानांना हाकलले.'' त्यात बरेच खरे होते. शाळा बंद, तोंडाला मास्क, येणेजाणे नाही. मग सर्दी-फ्लू पसरणार कसा? जगभर हेच झाले. फ्लूचा 'बी-यामागाता' नावाचा उपप्रकार तर मार्च २०२० नंतर कुठेच खात्रीने सापडलेला नाही. आता लसीतूनही तो काढला जातो आहे.

रोह्यात मात्र दुल्हेभाई ऑगस्टपासून खोकत होते. आमच्याशी बोलता बोलता ते मध्येच फोन आपाकडे देत. आम्हाला वाटे, कामात असतील. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून रात्री तोंडावर उशी धरत. मोहल्ला सील होईल, दुकानावर गिऱ्हाईक फिरकणार नाही, ही धास्ती. शेवटी स्वॅब दिला. निगेटिव्ह! आपाने शेवया केल्या. रिपोर्टात 'करोना नाही' एवढेच होते. आम्ही सगळ्यांनी 'काही नाही' असे वाचले.

जानेवारीत थुंकी तपासली तेव्हा क्षय निघाला. तोवर धाकट्या भाचीच्या मानेला गाठ आली होती.

फ्लूला काही दिवसांत दुसरे माणूस मिळाले नाही तर त्याची साखळी तुटते. क्षयाला घाई नसते. तो एकाच घरात महिनोन्‌महिने दबा धरून बसतो, आणि टाळेबंदीत तर सगळे घर त्याच्याबरोबर कोंडलेले. देशात २०१९ साली क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० साली सुमारे १८ लाख. आजार घटला नव्हता. माणसे घाबरून घरात होती, आणि तपासणीची यंत्रे नि कर्मचारी करोनाकडे वळले होते. त्या न नोंदलेल्यांत आमचे दुल्हेभाईही होते.

सहा महिने सरकारी गोळ्या चालल्या, दोघांच्याही. दोघे बरे झाले.

शाळा उघडल्यावर मुलांचा खोकला परत आला, जरा व्याजासकटच. आता फोनवर कुणीही खोकले की पलीकडून आपा आधी विचारते, ''किती दिवस झाले?'' दोन आठवडे म्हटले की दुल्हेभाई स्वतः थुंकीची डबी आणायला निघतात.